तिचा हात लागला की

दौंडला स्टेशनाकडून बाजारपेठेत शिरताना एका मेडिकलच्या डोक्यावर आमचं टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. जिना लोखंडी, उन्हाळ्यात कठड्याला हात लावायची सोय नाही. वडिलांनी ते टाइपरायटरवर सुरू केलं. पुढे टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, वडीलही गेले आणि मी राहिले. लग्न होऊन मी शिरूरला गेले होते, पण वडील थकले तेव्हा नवऱ्याला घेऊन परत दौंडला आले. तो अजून पाहुण्यांना सांगतो, हिनं मला घरजावई केलं. मी म्हणते, घरजावयाला चहा आयता मिळतो, तुला स्वतः करून घ्यावा लागतो. तेव्हा तू घरजावई नाहीस.

वडील तापट होते. इन्स्टिट्यूटबरोबर तेही माझ्याकडेच आलं.

आमच्याकडे येणारी बहुतेक पोरं-पोरी भरतीची तयारी करणारी. टायपिंगचं सर्टिफिकेट त्यांच्यासाठी अर्जातली एक जास्तीची ओळ असते. पास झालं तर बरं, नाही तर पुढच्या वेळी. पण पाटसजवळच्या एका वाडीवरून एक बाई यायला लागली, तिच्यासाठी तसं नव्हतं. धनगराच्या घरातली, पस्तिशीची, हाडापेरानं मजबूत. सासऱ्यांची थोडी मेंढरं अजून होती, बाकी घर ऊसशेतीकडे वळलेलं. तिचा नवरा दौंडातल्याच एका सरकारी कार्यालयात क्लार्क होता. तो अचानक गेला आणि त्याच्या जागी तिला अनुकंपावर घेतलं. अट एकच: ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायचं. एक मुदत संपली होती, अर्जविनंत्या करून वाढवून घेतलेली दुसरीही संपत आली होती. त्या मुदतीत बसणारी एकच परीक्षा उरली होती. ती हुकली असती तर नोकरी गेली असती. मला तिनं हे सगळं पहिल्या दिवशीच, जिना चढून धापा टाकत, उभ्या उभ्या सांगून टाकलं.

"आन् म्याडम, मला मोबाइलवर लिवता येतंय," असंही वर सांगितलं. मला हसू आलं. मोबाइलवर लिहिता येणं आणि टायपिंग येणं यांत पोहणं आणि आंघोळ करणं एवढा फरक आहे.

पण बाई कष्टाळू. ऑफिस सुटलं की थेट यायची, भिंतीकडेच्या मशीनवर बसायची आणि शेवटच्या बॅचबरोबर उठायची. महिन्याभरात तिचा वेग बऱ्यापैकी आला. आणि मग तिचं वर्ड उडायला लागलं.

उडायला लागलं म्हणजे कसं, तर ती छान टाइप करत असायची, उतारा अर्ध्याच्या पुढे गेलेला असायचा आणि अचानक समोरचं पान नाहीसं. मागे नुसता राखाडी पडदा. लिहिलेलं सगळं गेलं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी म्हटलं, होतं असं, मशीन जुनं आहे. दुसऱ्यांदा झालं तेव्हा मशीन बंद करून चालू केलं. आमच्या तालुक्यातले निम्मे रोग एवढ्यावर बरे होतात. हा झाला नाही.

मग मी तिला दुसऱ्या मशीनवर बसवलं. तिथंही तेच. तिसऱ्यावरही तेच. आणि तिच्या मूळच्या मशीनवर दुसरं कुणी बसलं, की ते मशीन गरीब गाईसारखं चालायचं.

आता पंचाईत झाली. वर्ड काढून परत टाकलं. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर बदललं. अँटिव्हायरसवर संशय घेतला, मग कीबोर्डवर घेतला आणि नवा कोरा कीबोर्ड आणून लावला. शेवटी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं दोन मशीन फॉरमॅट केली, तिच्या जागेवर बसून स्वतः पानभर टाइप केलं, मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "ओके आहे मॅडम, काहीच प्रॉब्लेम नाही." तो जिना उतरतोय तोवर ती बसली, आणि तो खाली गाडीला किक मारतोय तोवर वर पान गायब. मी खिडकीतून त्याला हाक मारली. त्यानं ऐकली नसावी, किंवा चांगलीच ऐकली असावी.

अशा वेळी माणसं गप्प बसत नाहीत. त्या बॅचला कुरकुंभच्या एका कंपनीत शिफ्ट करणारा एक जण यायचा. जीभ लांब, मनानं वाईट नव्हता. एकदा पान उडालं तेव्हा तो खुर्ची सरकवत म्हणाला, "हात लागला की उडतंय. काय काय लोकांचा हातच तसला आसतोय." दोन पोरी हसल्या. एकीनं तर त्या मशीनवर बसायचं टाळलं आणि मला कारण सांगितलं, पंख्याचं वारं लागत नाही.

मी चिडले. तुमचं स्पीड तीसच्या वर जात नाही, दुसऱ्याचे हात कसले बघता, नाचता येईना अंगण वाकडं, असं काय काय बोलले. सगळे खाली मान घालून टाइप करायला लागले. पण मला वाईट वाटलं ते त्याच्या बोलण्याचं नाही. ती बाई काहीच बोलली नाही, त्याचं वाटलं.

सगळे गेल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली. दोन्ही हात पदराखाली झाकून घेतलेले. "म्याडम, त्ये काय खोटं बोलत न्हाईत. मी लगीन करून आले आन् वरसात सासूबाय गेल्या. आता मालक गेलं. वाडीवर पण बाया बोलत्यात. माझ्या हातालाच काय तरी हाय."

"काही नाही तुमच्या हाताला."

"मग ह्ये काय हाय?"

मला स्वतःचाच फार राग आला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, एवढं मी जन्मभर ऐकत आले. पण इथं कावळा रोज बसत होता आणि फांदी रोज मोडत होती. तिला नोकरीची काळजी होती, ती मला कळत होती. पण नोकरी जाण्याआधीच ती स्वतःवर शिक्का मारून घेऊन चालली होती, आणि तो शिक्का माझ्या इन्स्टिट्यूटमध्ये, माझ्या मशीनवर बसत होता. हे मला चालणार नव्हतं. मी तिला म्हटलं, "उद्या सगळ्यांच्या आधी या. ऑफिसातल्या साहेबांना सांगा, मी बोलावलंय."

वडील टाइपरायटर दुरुस्त करायचे तेव्हा आधी मशीन उघडायचे नाहीत. विद्यार्थ्याला बसवायचे आणि त्याच्या मागे उभे राहायचे. मला म्हणायचे, यंत्र बघू नकोस, हात बघ. यंत्र सगळ्यांशी सारखंच वागतं. कॉम्प्युटर आल्यापासून आम्ही सगळेच स्क्रीन बघायला लागलो होतो. पान गेलं की धावत जायचं आणि पान कुठे गेलं ते शोधायचं. ते जाण्याआधी काय झालं, हे कुणी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागे उभी राहिले. ती येण्याआधीच मशीन चालू करून ठेवलं होतं. ती आली, पिशवी खाली ठेवली, चप्पल बाजूला काढली, पदर खोचला, खुर्चीवर बसली. वर्ड उघडलं. मग उजव्या हाताची बोटं कीबोर्डला लावून कपाळाला लावली. यात बघण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडे नमस्कार केल्याशिवाय कुणीच सुरुवात करत नाही, मीही करते. पण सगळे एकदा करतात. तिनं परत हात लावला. परत कपाळ. परत हात. आणि पाचव्यांदा हात कीबोर्डवरून उचलला तशी स्क्रीनच्या मधोमध एक छोटी खिडकी लुकलुकली. ती डोळे मिटून हात कपाळाला लावत होती. डोळे उघडता उघडता तिनं एंटर मारलं. खिडकी नाहीशी झाली.

"थांबा! हात वर!"

बाई घाबरून उभीच राहिली. दोन्ही हात वर. पोलिसांनी धरल्यासारखे.

"तसं नाही हो. या शेजारच्या मशीनवर बसा. मघाशी काय केलंत ते परत करा. पण एंटर मारायचं नाही."

तिनं परत नमस्कार केले, या वेळी जरा लाजत. एक, दोन, तीन, चार, पाच. खिडकी आली आणि थांबली. मी चष्मा लावून वाचली. इंग्रजीत लिहिलं होतं, की तुम्ही शिफ्टचं बटण पाचदा दाबलंत, स्टिकी कीज सुरू करायच्या का? खाली हो आणि नाही. हो निवडलेलंच होतं. आमच्या इन्स्टिट्यूटचा वडिलांपासूनचा नियम, बसल्या बसल्या आधी एंटर मारून वरची एक ओळ मोकळी सोडायची. ती नियमाची पक्की. देवाला नमस्कार करून ती रोज मशीनला सांगत होती, हो, कर सुरू.

या स्टिकी कीज म्हणजे काय, ते मी त्याच दुपारी नीट वाचून काढलं. ज्यांना दोन बटणं एकदम दाबता येत नाहीत त्यांच्यासाठी ती सोय आहे. शिफ्ट किंवा कंट्रोल एकदा दाबून सोडलं, तरी मशीन ते लक्षात ठेवतं आणि पुढच्या बटणाला जोडतं. आता बाईला सवय मोबाइलची. मोबाइलवर आपण शिफ्ट दाबून धरत नाही. टिचकी मारतो, मग अक्षर. ती इथंही तशीच टिचकी मारत होती, आणि ती सोय सुरू असल्यामुळे तिचं बरोबर उमटत होतं. पण कंट्रोल शिफ्टच्या खालीच असतं. कधी करंगळी घसरून कंट्रोलला लागली, की मशीन तेही लक्षात ठेवायचं. आणि त्यानंतर डब्ल्यूचं बटण आलं, की झालं! कंट्रोल आणि डब्ल्यू मिळून पान मिटतं. लिहिलेलं ठेवायचं का, असं वर्ड विचारायचं, पण हिची नजर उताऱ्यावर आणि हात पुढे धावणारे. कुठल्या तरी बटणानं नको असं उत्तर दिलं जायचं. आणि बाकीच्यांचं का उडत नव्हतं? आम्ही शिफ्ट आणि अक्षर एकदम दाबतो. तसं दाबलं, की ती सोय आपोआप बंद होते. दुरुस्तीवाल्यानं पहिल्याच ओळीत आजार घालवला होता, आणि आजार काही नाही म्हणून निघून गेला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी एवढ्या मोठ्यानं हसले, की खालून मेडिकलवाल्यानं विचारलं, काय झालं. माझं तुम्ही-अहो सगळं सुटलं. "अगं, तुझ्या हाताला काही नाही! तू मशीनच्या पाया पडतेस आणि ते बिचारं विचारतं, काय सेवा करू?"

ती हसली नाही. तिनं आपले दोन्ही हात समोर धरले आणि उलटेसुलटे करून पाहिले. मग रडली. मी खिडकीत वडिलांची आठवण म्हणून ठेवलेल्या एका टाइपरायटरची धूळ पुसत राहिले, दुसरं काय करणार.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. मी सगळ्या मशीनवरची ती सोय बंद केली आणि बाईची खरी परीक्षा सुरू झाली. शिफ्टला टिचकी मारायची तिची सवय आता चालेना. उतारा भलताच उमटायला लागला. वेग अर्ध्यावर आला. परीक्षा तोंडावर आणि करंगळीला नव्यानं शिकवायचं, दाबून धर, अक्षर येईपर्यंत सोडू नको. मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला लागले आणि ती सोडेल तिथं पट्टीनं टेबलावर टक् करायचे. तिची करंगळी दुखायची, माझं डोकं दुखायचं. एकदा ती वैतागून म्हणाली, "म्याडम, त्ये आधीचं सुरू करा की! उडू द्या उडलं तर." मी म्हटलं, शिरूरच्या परीक्षेच्या सेंटरवर मी येणार नाही तुझ्यासाठी बटणं लावून द्यायला.

त्यावरूनच दुसरं भांडण झालं. परीक्षा शिरूरच्या एका कॉलेजात होती आणि तिथल्या मशीनवर ती सोय चालू असणार, की बंद, कुणास ठाऊक. मी सांगितलं, तिथं नमस्कार करायचा नाही.

"नमस्कार सोडायचा न्हाई," ती म्हणाली.

"मग एकदाच कर."

"एक बिरोबाचा, एक खंडोबाचा, एक माय-बापाचा, एक मालकांचा, आन् एक यंत्राचा. ह्यातला कोन कमी करू, तुम्हीच सांगा."

खंडोबा तर आमचाही आहे. शेवटी मी विचारलं, एवढी बटणं असताना बाई नेमका शिफ्टलाच का हात लावतेस? ती म्हणाली, उजव्या हाताला ते सगळ्यात रुंद आहे, पाटावानी. बारीक बटणाला हात लावला तर काय तरी उमटतं आणि नमस्काराला डाग लागतो. एवढा विचार मी माझ्या आयुष्यात कुठल्या नमस्काराचा केला नव्हता. मग तिनंच तोड काढली. कीबोर्ड ज्यावर ठेवतात ते टेबलही यंत्राचंच अंग, टेबलाला हात लावायचा. टेबलाला काही उमटत नाही. पाचही नमस्कार शाबूत राहिले.

परीक्षेच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. येणार नाही म्हटलं होतं, तरी गेले. चौफुला, पारगाव, न्हावरे करत एसटी निघाली आणि पारगावच्या पुलाच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकली. दोन ट्रॉल्या, ड्रायव्हर आपल्या नादात, गाणी लावलेली. मी उठून आमच्या ड्रायव्हरला सांगितलं, हॉर्न वाजवा. तो म्हणाला, वाजवतोय की. मी म्हटलं, मग रागानं वाजवा. बाई मात्र खिडकीशी शांत बसली होती. मांडीवरच्या पिशवीवर तिची करंगळी दाबून धरलेली आणि बाकीची बोटं चालत होती.

शिरूरच्या त्या कॉलेजच्या फाटकातून आत फक्त परीक्षार्थींना सोडतात. मी बाहेर चहाच्या टपरीवर बसले. तो वेळ मी कसा काढला, हे मलाच माहीत. आत सगळं नीट आहे ना, टेबलालाच हात लावला असेल ना, की घाईत जुनीच सवय आली असेल? शिरूर माझं सासर, दर दुसरं माणूस ओळखीचं, आणि प्रत्येक जण विचारत होता, इथं का बसलाय? मी कुणाशी धड बोलले नाही. दोन नातेवाईक त्या दिवसापासून नाराज आहेत.

ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. जवळ येऊन म्हणाली, "म्याडम, खिडकी आली न्हाई." मी म्हटलं, आणि उतारा? "उतारा व्हय. झाला की. पुरा झाला, परत वाचून बी काढला." हे ती इतक्या सहज बोलली, जणू काही विषयच तो नव्हता. मी भर रस्त्यात टाळी वाजवली. टपरीवाल्याला वाटलं, मी त्याला बोलावतेय. त्यानं आणखी दोन चहा आणले आणि आम्ही ते प्यायलो.

निकाल लागला, ती चांगल्या मार्कांनी पास झाली. नोकरी पक्की झाली. पेढे घेऊन ती आली तेव्हा बॅच भरलेली होती. कुरकुंभवाला उठला, पेढा घेतला आणि खाली बघत म्हणाला, "ताई, चुकलं आमचं." ती म्हणाली, "तुमचं बी व्हईल पास. शिफ्ट दाबून धरत जा." तो अजून पास झालेला नाही.

ती माझ्या पाया पडायला वाकली. एकदा, दोनदा. मी तिला धरून उभं केलं. म्हटलं, "बास, पाच नको. माझंही काही तरी सुरू व्हायचं." तेव्हा ती पहिल्यांदा पोट धरून हसली.

मध्ये बरेच दिवस गेले. परवा मला एका दाखल्यासाठी तिच्या कार्यालयात जावं लागलं. गर्दी होती. खिडकीच्या आतला क्लार्क, केस पांढरे झालेले, निवृत्तीला आलेला, हैराण होऊन माउस आपटत होता. माझाच दाखला टाइप करत होता आणि वर्ड उडालं होतं. दुसऱ्यांदा उडालं. लोक कुरकुरायला लागले. मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यानं मान वळवून आतल्या खोलीकडे हाक मारली:

"ओ ताई, या बरं जरा इकडं. तुमचा हात लागल्याशिवाय ह्ये काय ऐकत न्हाई."

ती बाहेर आली. हात पदराखाली नव्हते. मला बघून नुसती भुवई उडवली, कामात होती. त्या काकांच्या मागे उभी राहिली आणि म्हणाली, "आप्पा, माउस आपटू नका आता. मघाशी काय काय केलं, त्ये मला परत करून दाखवा."

आणि ती त्यांचे हात बघत राहिली. माझा दाखला थोड्या वेळात मिळाला.